कापूस घरात आहे तोवर

दुसरी वेचणी आटोपली आणि समोरची खोली खिडकीपर्यंत भरली. तो ओळखीचा वास पुन्हा घरभर झाला आहे. उन्हाचा, वाळल्या पानांचा आणि त्यांच्याखाली सरकीचा जरासा तेलकट. मोताळ्याच्या आमच्या घरात कापूस यायच्या आधीची कामं ठरलेली असतात. फरशी झाडायची, जुनी धोतरं अंथरायची, दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावायची, काड्यापेटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. मी शाळेत कारकुनी करते. लिहून काढल्याशिवाय काम झाल्यासारखं मला वाटत नाही. यंदा त्या कामांत एकाची भर पडली: माइकच्या तारा पुसायच्या आणि कोणती तार कुठली ते प्रत्येकीच्या टोकाला चिकटवायचं.

कापसाचा आणि माइकचा काय संबंध, हे गेल्या हंगामापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

माझे धाकटे दीर, सुधाकर भाऊजी, तरुणपणापासून एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत आले. गणपती, नवरात्र, लग्नाचे स्वागतसमारंभ. मलकापूर, खामगाव, कधी पार जळगाव. मग मालकाने सांगितलं, आता ऑक्टोपॅड घ्या. स्टँडवर बसणारी ती चौकोनी पाटी. काडी मारली की तीच ढोल, तीच झांज. सामान कमी, गाडी लहान. भाऊजींनी दोन-चार कार्यक्रम त्यावर वाजवले आणि घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, त्याले माराव तं हाताले काही वापसच येत नाही." त्यानंतर ते गेलेच नाहीत. ड्रमचा सेट समोरच्या खोलीत ताडपत्रीखाली पडला. नांदुऱ्याकडच्या एका शाळेला बँडपथकासाठी तो हवा होता. भाऊजी 'देतो' म्हणायच्या बेतात होते, आणि चुलतभावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात त्यांच्यासाठी खुर्चीही तयार होती.

तेवढ्यात पुण्याहून सायलीचा फोन आला. ही मुलगी स्वतः गाणी बांधते आणि गाते. मामाच्या गावी नवरात्रात तिने भाऊजींना ऐकलं होतं. तिला तिच्या गाण्यांसाठी खरे ड्रम हवे होते, आणि ते घरीच रेकॉर्ड करून पाठवायचे होते. पहिलं गाणं जमलं तर बाकीची सगळी भाऊजींची. नाही जमलं तर ती कॉम्प्युटरमधले ड्रम वापरणार. शाळेचा फोन मात्र भाऊजींनी दोनदा उचलला नाही. तेव्हा मला कळलं की हे गाणं त्यांच्यासाठी काय आहे.

ताडपत्री निघाली. आणि मी, जिने आयुष्यात हार्मोनियमचा भातासुद्धा हलवला नव्हता, त्या खोलीत खुर्ची टाकून बसले. कारण प्रश्न फार होते. सगळ्यात मोठा ढोल आडवा का? पायाने वाजवायचा म्हणून. त्याच्या पुढच्या कातड्याला भोक का? हवा जायला, आणि माइकचं तोंड आत घालायला. कातडं ताणायची चावी भाऊजी एका खिळीवरून शेजारच्या खिळीवर न नेता समोरच्या खिळीवर का नेतात? "ट्रॅक्टरच्या चाकाचे नट कसे आवळता वहिनी? समोरासमोर. तसंच. नाही तं एका अंगाले रडते थे." मग काडीच्या टोकाने प्रत्येक खिळीजवळ टकटक करून ते ऐकायचे. मलाही ऐकायला लावायचे. पहिल्या दिवशी मला सगळं सारखंच ऐकू आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी एक खिळी खाली उतरलेली मी आपणहून सांगितली आणि दिवसभर कारण नसताना खुशीत होते.

सायलीने माइकबरोबर पाठवलेल्या, तारा लावायच्या पेटीत चारच माइक बसत होते. एक मोठ्या ढोलाच्या भोकात. एक स्नेअरवर, म्हणजे मांड्यांमध्ये येतो त्या चपट्या ढोलावर, काठावरून आत झुकलेला आणि झांजेकडे पाठ केलेला, नाहीतर झांज त्याच्या तोंडात ओरडते. उरलेले दोन उंच दांड्यांवर, डोक्याच्या वर, सगळ्या सेटकडे पाहणारे. सायलीने फोनवर सांगितलं, "काकू, ते दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत हं. नाहीतर एकच ठोका एका माइकला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर, आणि दोघं मिळून आवाज पातळ करून टाकतात." आधी मला हे खोटं वाटलं. दोन कानांनी ऐकलेलं एका कानापेक्षा कमी कसं होईल? मी एक माइक वीतभर पुढे ओढला आणि ऐकून पाहिलं. खरंच, स्नेअरमधला ऐवज निघून गेला, पत्र्याच्या डब्यासारखा आवाज उरला. मग मी सुतळी घेतली, स्नेअरच्या मध्यावर भाऊजींना बोट ठेवायला सांगितलं आणि दोन्ही माइकपर्यंत तीच सुतळी ताणून पाहिली. ही युक्ती मला इतकी आवडली की पुढे महिनाभर मी घरात काय काय सुतळीने मोजत होते.

सासरे, म्हणजे आबाजी, दारात उभे राहून हे बघत. त्यांची वावरं आहेत, आणि कापूस कधी विकायचा हा निर्णय या घरात दुसऱ्या कोणाचाही नाही.

"बंद्या गावाले ठाऊक आहे तुहं वाजवणं," ते भाऊजींना म्हणाले. "आता आणिक कोणाले आयकवतं?"

"पुण्याले, आबाजी."

"पुण्यात ढोल नाही का मिळत?"

पहिला नमुना पाठवला. सायलीचं उत्तर आलं, "काका, वाजवलंय सुरेख. पण तुमच्यापेक्षा खोलीच जास्त वाजतेय." ऐकलं तर खरंच होतं. सिमेंटची फरशी, कोऱ्या भिंती, वर स्लॅब. प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून उशिरा परत येत होता, जसं कोणी आपलंच वाक्य आपल्यामागून बोलत असावं. आम्ही गोधड्या टांगल्या. गाद्या उभ्या केल्या. पाहुण्यांच्या सतरंज्याही लावल्या. आवाज थोडा खाली बसला, पण मेला नाही.

आणि मग कापूस आला.

"हे टिनाचं दुकान उचल आता," आबाजी म्हणाले. भाऊजी उद्या-उद्या करत राहिले. वेचणाऱ्या बाया कशाला थांबतात! त्यांनी सेटच्या भोवतीच गाठोडी सोडली. दोन-तीन दिवसांत तीन भिंतींना छातीएवढी गंजी लागली आणि सेट मध्ये बेटासारखा राहिला. संध्याकाळी भाऊजी तो सोडवायला आत शिरले. मी भाकरी थापत होते.

"वहिनी! हातचं टाका अन् या इकडे."

पिठाच्या हातानेच गेले. भाऊजींनी स्नेअरवर एक ठोका मारला आणि काडी उचलून धरली.

"आयकलं?"

"काय?"

"तेच तं! ठोक्याच्या मागं काहीच नाही."

आम्ही दोघं काही वेळ नुसतेच टाळ्या वाजवत त्या खोलीत उभे होतो. टाळी हातातून निघायची आणि तिथेच संपायची. बोललेला शब्दही ओठांपाशी राहायचा. मला ते थोडं भीतीदायकही वाटलं. इतकी वर्षं कापूस घरात येत होता, आणि तो खोलीचा आवाज खाऊन टाकतो हे आमच्यातल्या कोणी ऐकलंच नव्हतं. कापसाच्या खोलीत कोण कशाला टाळी वाजवेल?

आता अडचण आबाजींची. कापसाच्या खोलीत विजेचं काही नको हा त्यांचा कडक नियम, आणि तो योग्यच आहे. ठिणगी पडली तर वर्षाची मेहनत पाव तासात राख. मी तोडगा काढला. लॅपटॉप, पेटी, प्लग सगळं पडवीत, माझ्यापाशी. आत जाणार त्या फक्त माइकच्या तारा आणि भाऊजींच्या कानावरच्या हेडफोनची तार.

"करंट जाते का त्यातून?" आबाजींनी विचारलं.

"जाते, पण लय कमी," भाऊजी म्हणाले.

"कमी म्हंजे? साप कमी चावते का?"

ते आतून टेस्टर घेऊन आले, तोच ज्याने ते विहिरीवरची मोटर तपासतात. एकेका तारेच्या टोकाला लावून, हाताने सावली करून पाहिलं. दिवा लागला नाही. आबाजींनी टेस्टर खिशात ठेवला. "कापूस घरात आहे तोवर वाजव. मंग मले अन् त्या शाळावाल्याले, दोघाइले मोकळं कर."

म्हणजे मुदत होती, पण किती ते बाजारभावालाच ठाऊक.

भाऊजी आत, दार बंद. मी पडवीत हेडफोन लावून. या माणसाला मी इतकी वर्षं मांडवात, कर्ण्यांच्या गलक्यात ऐकत आले होते. आता कानात नुसता तोच. काडी कातड्याला लागायच्या आधीचा श्वास ऐकू यायचा, पायाच्या पट्ट्याची करकर यायची. कापसात बारीक किडे असतात, अंगाला खाज सुटते. त्यामुळे दोन कडव्यांच्या मध्ये, गाण्याच्या ऐन शांत जागी, वरच्या दोन्ही माइकमध्ये सारख्या अंतरावरून स्पष्ट ऐकू यायचं: खर्र, खर्र. मी दारावर थाप मारायची. "भाऊजी, खाजवू नका!" आतून आवाज यायचा, "मी नाही, कापूस खाजवून राह्यला!" शेवटी मी त्यांना यांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर दिला. हे बुलढाण्याला बँकेत असतात, रविवारी येतात. त्या रविवारी स्वेटर शोधत फिरले.

मग आमच्यासारख्यांनाच सुचेल अशी एक चूक झाली. मोठ्या ढोलाचा घुमारा कमी करायला आत उशी ठेवतात. घरात कापसाचा डोंगर असताना उशी कशाला? भाऊजींनी दोन घमेली कापूस उचलून ढोलात भरला. आवाज झकास झाला. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठोक्यामागे बारीक खडखड येऊ लागली. मी शंका एकेक करून बाद केल्या. तार बदलली, माइक बदलला, स्टँडचे स्क्रू आवळले, खिडकीची जाळी काढली. खडखड तिथेच. अखेर ढोल उलटा केला तेव्हा भोकातून बोंडाची वाळकी टरफलं पडली. वेचलेल्या कापसात ती असायचीच. ठोके खाऊन खाऊन सुटी झाली आणि ढोलाच्या तळाशी नाचू लागली. बाजारात तो कापूस आम्ही 'साफ' म्हणून विकतो. माइकने मात्र पास केला नाही.

उशी ठेवून गाणं पूर्ण केलं आणि पाठवलं. सायलीचं उत्तर यायला वेळ लागला. "काका, खरं सांगू का? आता उलटं झालंय. अगदी स्वच्छ आहे, पण श्वास कोंडल्यासारखा वाटतोय. मला या आठवड्यात गाणं पुढे द्यायचंय. अजून एकदा बघता का? नाहीतर मी मशीनवर करून टाकते, वाईट नका वाटून घेऊ."

भाऊजींनी आपलं रेकॉर्डिंग पुन्हा दोनदा ऐकलं. त्याच दुपारी आबाजी बाजारातून आले ते भाव पक्का करूनच. सकाळी गाडी येणार होती.

सकाळी हमाल आले. धोतरात कापूस बांधायचा, गाठोडं डोक्यावर, गाडीत सोडायचं, वर उभं राहून तुडवायचं. भाऊजी पडवीत बसून चहा पीत होते, म्हणजे कप हातात होता. खोलीतला निम्मा कापूस गेला तेव्हा गाडी भरली. ती जिनिंगला रिकामी होऊन परत येणार, मग दुसरी खेप. आबाजी गाडीबरोबर गेले. हमाल लिंबाखाली लवंडले.

भाऊजी उठले. "वहिनी, तारा लावा."

"सायली म्हणाली तो आवाज..."

"माहीत नाही. गाडी येईलोक बसतो नुसता."

पण ते नुसते बसले नाहीत. पहिला ठोका माझ्या कानात आला आणि मी ताठ बसले. एका बाजूची भिंत उघडी पडली होती, दुसऱ्या बाजूला अजून गंजी होती. ठोका निघाला, थोडा पुढे गेला, उघड्या भिंतीला शिवला आणि कापसात बसला. ज्या आवाजाला आम्ही महिनाभर आधी पळवत होतो आणि मग मारत होतो, तो आता जेवढा हवा तेवढाच होता. भाऊजींनाही तो ऐकू आला असणार, कारण ते हात राखून वाजवू लागले. एका दमात गाणं झालं. मी पुन्हा करायला सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला.

सायलीने संध्याकाळी लिहिलं, "हीच खोली! बाकीची गाणी इथेच करा, प्लीज. काही हलवू नका."

तोवर खोलीत झाडून काढलेल्या फरशीशिवाय काही नव्हतं.

गाणी तर सगळी भाऊजींची झाली होती. आता अर्धवट भरलेली कापसाची खोली शोधायची होती, आणि शोधणं हे माझं काम. ज्यांच्याकडे कापूस उरला असेल अशी घरं मी काढली आणि हातात मापाची टेप घेऊन विचारत निघाले, "तुमच्याकडे आता कापूस किती आहे?" इकडे कोणाला पगार विचारला तरी चालतो. घरात कापूस किती, हे विचारू नये. विचारणारा एकतर व्यापाऱ्याचा माणूस, नाहीतर नजर लावणारा. दोन दिवसांत गल्लीत झालं की शाळेतल्या बाई कापूस मोजत फिरून राह्यल्या.

शेजारच्या कमलकाकूंनी तर दारातच अडवलं. "काऊन वो बाई, नौकरी सोडून दलाली धरली का?"

"नाही हो काकू, ड्रम वाजवायला खोली पाहतेय."

"माह्या कापसावर ड्रम? पह्यले तुह्या दिराचं डोकं तपास!"

 भाऊजींनी स्नेअर उचलला, काकूंच्या ओट्यावर वाजवला. मग म्हणाले, "काकू, आता आत वाजवू द्या, मंग सांगा." काकूंनी आत जाऊन ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर 'कापूस आपलाच, पण गुण ठाऊक नव्हता' असा भाव होता. "वाजव. पण दार लावून घेजो. कोणाले दिसू नाही किती आहे थे." दार लावून घेणं हीच तर आमची गरज होती.

मग ड्रम घरोघर फिरला. कोणाचा कापूस कधी जाणार, याचा अंदाज मी घेत राहिले, आता टेप पर्समध्ये ठेवून. माहेरी, वडनेर भोलजीला, भावाच्या टिनाच्या खोलीत झांज फार टोचत होती. वहिनीने पलंगपोस आडवा बांधून दिला. एका घरात म्हातारबा कापसावरच झोपले होते, ते म्हणाले, "वाजव बापू, मले कमी आयकू येते." पण वाजवणं संपल्यावर तेच उठून बसले. प्रत्येक खोली वेगळी निघाली. कुठे भिंत मातीची, कुठे कापूस ओलसर, कुठे गंजी उंच आणि अरुंद. आणि प्रत्येक खोलीत भाऊजी पहिल्यांदा काही न वाजवता बसायचे, मग एकच ठोका, मग पुन्हा गप्प. ऑर्केस्ट्रातला माणूस असं ऐकत बसत नाही, त्याला वेळ कुठे असतो.

शेवटचं गाणं झालं तेव्हा वावरातल्या कापसाच्या बऱ्याच पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. नांदुऱ्याच्या शाळेला भाऊजींनी स्वतः फोन केला आणि सेट देणार नाही म्हणून सांगितलं. दुकानातल्या खुर्चीवर चुलतभावाचा भाचा बसला.

पुरी झालेली गाणी सायलीने पाठवली तेव्हा आबाजींनी माझ्या मोबाइलवर पहिलं गाणं कानाला लावून ऐकलं. गाणं संपल्यावर भाऊजींना विचारलं, "यात तू कुठं आहे?"

"खालून आहे, आबाजी. गाण्याच्या खालून."

आबाजींनी पुन्हा लावायला सांगितलं. त्या वेळी त्यांना सापडलं की नाही, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं.

यंदा सायलीच्या ओळखीने आणखी दोघांनी काम दिलं आहे. त्यांना काय हवं ते आधीच सांगितलं आहे: सायलीला कोंडल्यासारखी वाटली ती भरल्या कापसाची कोरडी, मऊ खोली. सेट चादर घालून मध्ये उभा होता आणि बायांनी न सांगता त्याच्याभोवती फिरून गाठोडी सोडली. पहिल्याचं काम झालं. दुसऱ्याचं चालू आहे.

आज सकाळी मी पडवीत तारा लावत होते, भाऊजी आत चावीने खिळ्या पाहत होते. आबाजी ओट्यावर होते आणि त्यांचा मोबाइल वाजला. व्यापारी होता. मोबाइलचा आवाज मोठा असल्याने त्याचं सगळं बोलणं मला ऐकू आलं. भाव चढला होता, आबाजी गेले काही दिवस ज्याची वाट पाहत होते त्याच्याही वर. आजच्या आज गाडी पाठवतो म्हणत होता.

आबाजींनी मोबाइलवर तळहात ठेवला आणि खिडकीकडे मान वळवली.

"सुधाकर, तुहं किती बाकी आहे रे?"

आतली टकटक थांबली. "एक गाणं राह्यलं, आबाजी. परवालोक होते."

आबाजींनी तळहात काढला. "नाही बाप्पा," ते व्यापाऱ्याला म्हणाले, "या भावात नाही परवडत. पाहू परवा."